टेकूला टेकू नये

आमच्या गिरगावातल्या चाळीच्या तळमजल्यावरची पिठाची गिरणी गेली आणि तिथे कॉफीचं दुकान आलं, ही काही बातमी नव्हे. गिरणी जाते, लाँड्री जाते, पुस्तकबांधणीवाला जातो, आणि बंद शटर पुन्हा वर होतं तेव्हा आत एक पिवळा दिवा आणि कुंडीत मोठ्या पानांचं झाड असतं. याची सवय झाली आहे. दुकानाचं नाव मी सांगणार नाही, फुकट जाहिरात आपण करत नाही. बोलायचं आहे ते आतल्या एका पाटीबद्दल. पाटी मराठीत आहे, ठळक आहे, शुद्धलेखनाची चूक नाही, म्हणजे आमच्यासारख्यांची तिथेच अर्धी गोची. ‘कृपया टेकूला टेकू नये.’

टेकू म्हणजे काय हे चाळीत वाढलेल्याला सांगायला नको. गॅलरीची तुळई वाकते, कुणीतरी खालून वासा लावतो, पाचर ठोकतो आणि ‘तात्पुरतं आहे’ म्हणून निघून जातो. तेव्हा पाळण्यात असलेली मुलं आता निवृत्तीवेतन घेतात. तात्पुरता टेकू जागच्या जागी आहे. त्याला दोऱ्या बांधून आम्ही कपडे वाळवले, गणपतीत पताका लावल्या, खडूने तीन रेघा ओढून त्याचे स्टम्प केले. पण त्याच्याकडे कौतुकाने बघावं असं कुणाच्या मनात आलं नाही. उलट पाहुणे आले की लाज वाटायची. आता त्याला काळा रंग आहे, वर मनीप्लँट चढवलाय, दिव्यांची माळ गुंडाळली आहे. इमारत पडू नये म्हणून लावलेल्या लाकडाला खेटून माणसं हसऱ्या चेहऱ्याने फोटो काढतात. म्हणून ती पाटी.

इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण सजावटकार बाईंना अडचण अशी आली की खरे टेकू दोनच, आणि दोन्ही एकाच कोपऱ्यात. तोल जमेना. इमारतीचा नव्हे, फोटोचा. म्हणून त्यांनी आणखी तीन करवून घेतले. प्लायवूडचे, आतून पोकळ, वरून तोच काळा रंग, पाचरीसकट. एकूण पाच. आता यातले इमारत धरून ठेवणारे दोन कोणते, हे दुकानात कुणालाच माहीत नाही. वेटर नवा. मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, “सर, पाचही ओरिजिनल लूकचे आहेत.” सुतार गावी गेलाय. वरच्या मजल्यावरच्या मंडळींची झोप उडाली, कारण असली दुकानं वर्ष-दोन वर्षांनी रूपडं पालटतात, आणि पुढच्या वेळी ‘जरा मोकळं करू या’ म्हणून दोन टेकू काढले आणि ते नेमके आपले निघाले तर? मग दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक टेकू वाजवून बघितला. पोकळ, पोकळ, भरीव, असं तो मोठ्याने सांगत होता, आणि शेजारच्या टेबलावरच्या दोघींना वाटलं ही इथली काही जुनी प्रथा आहे. त्यांनीही पर्समधून नाणी काढली. शनिवारपर्यंत रांग लागली. पोकळ टेकू वाजला तर मनातली इच्छा पूर्ण होते अशी कुणीतरी पुडी सोडली, आणि भरीव टेकूंकडे आता ढुंकून कुणी बघत नाही. जे खरोखर चार मजले उचलून उभे आहेत, त्यांच्यासमोर हात पुसायच्या कागदांचा डबा ठेवलाय.

याला म्हणे पुनरुज्जीवन. जुन्या वास्तूला नवसंजीवनी. किती उंचीपर्यंत? रस्त्यावर उभं राहून मोबाइल आडवा धरला की फोटोत जेवढं मावतं तेवढी. दुकानाच्या पाटीपर्यंत भिंत घासूनपुसून, गिलावा उतरवून विटा दाखवलेल्या. पाटीच्या वर पहिल्या वितीपासून पिंपळ सुरू होतो. पावसाळ्यात आम्ही पागोळ्यांखाली बालद्या ठेवतो आणि खाली त्याच पावसाच्या आवाजाचं कौतुक चाललेलं असतं.

आणि इथे मला हसू येत नाही. या तळमजल्यावर आलेले लाखो रुपये तीस वर्षांत कधी जिन्याकडे फिरकले नाहीत. का? कायदा. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवलं. १९९९ चा कायदा आला, त्याने वर्षाला चार टक्के वाढीची सोय केली. साठ रुपये भाड्यावर चार टक्के म्हणजे २ रुपये ४० पैसे. त्यात सिमेंट सोडा, सिमेंटची रिकामी गोणही येत नाही. म्हणून मालक दुरुस्ती करत नाही. बरोबर. पण दुकानाची पगडी हस्तांतरित होते तेव्हा रिवाजाप्रमाणे साधारण एक तृतीयांश रक्कम मालकाच्या खिशात जाते. त्या रकमेला कुठला कायदा साठ रुपयांवर बांधतो? गिरणीवाल्याला तर हाच मालक वर्षानुवर्षं ऐकवत होता की तुझ्या पट्ट्याच्या धडधडीने माझी इमारत खिळखिळी होते. आता रात्री साडेअकरापर्यंत स्पीकर धडधडतो, तिसऱ्या मजल्यावर मांडणीतली भांडी वाजतात, आणि मालक म्हणतो परिसराला जान आली.

भाडेकरूही धुतल्या तांदळाचे नाहीत. निम्म्या खोल्यांना कुलूप आहे. माणसं डोंबिवलीला नि विरारला, आणि पावती मात्र छातीशी. दुरुस्तीला वर्गणी मागितली की हेच म्हणतात, “पुनर्विकास होणारच आहे, आता कशाला?” पुनर्विकासाला ५१ टक्के संमती लागते, आमच्याकडे ५१ टक्के लोकांचं सभा किती वाजता घ्यायची यावरही एकमत झालेलं नाही. मिळणारी किमान तीनशे चौरस फुटांची जागा मात्र प्रत्येकाने मनातल्या मनात फर्निचरसकट लावून ठेवलेली. देवघर कुठे, फ्रीज कुठे. तोवर भार टेकूंवर.

माझं स्वतःचं दुखणं निराळंच आहे, आणि ते मी मांडणारच. भाजणी कुठे दळायची? गिरणीवाला डबा हातात घेताच वासावरून सांगायचा, “धने जास्त भाजलेत वहिनी.” मिरचीच्या दळणानंतर भाजणी टाकायचा नाही, आधी कुणाचे तरी गहू जाऊ द्यायचा. जाडसर की बारीक, हे त्याला घरागणिक पाठ. दिवाळीआधी डब्यांची रांग जिन्यापर्यंत यायची आणि रांगेत अख्ख्या वाडीची लग्नं जमायची नि मोडायची. आता तिथे भाजणीचं वॅफल मिळतं. तीनशे नव्वद रुपये, वर मधाची धार. त्यांची भाजणी कुठून दळून येते म्हणून विचारलं. पाकिटातून येते. गिरणीचा दगड मात्र ठेवलाय, त्यावर काच टाकून चौघांचं टेबल केलंय, आणि त्या टेबलाला आगाऊ नोंदणी लागते.

परवा दुकानाकडून वरच्या रहिवाशांना छापील पत्र आलं. भाषा अत्यंत नम्र. गॅलरीत मुलांनी धावू नये, पाट्यावर वाटण करू नये, कारण वरून माती गळते आणि ती ग्राहकांच्या कॉफीत पडते; वारसा जपण्याच्या या प्रयत्नात आपलं सहकार्य अपेक्षित आहे. यावर मात्र चाळीत एकमत झालं, शंभर टक्के. उत्तर चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कांनी लिहिलं. गळणारी माती ही साधी माती नसून इमारतीच्या मूळ बांधकामातील चुना व सुरखी आहे. ती ओरिजिनल लूकची नाही, ओरिजिनल आहे. तरी आपण ती यादीत स्वतंत्रपणे दाखवून ग्राहकांकडून योग्य तो आकार घ्यावा व दरमहा निम्मी रक्कम रहिवाशांकडे जमा करावी.

दुकानाचं उत्तर यायचंय. मालकाचं लगेच आलं, रजिस्टर पोस्टाने. त्या रकमेत रिवाजाप्रमाणे एक तृतीयांश त्याचे.