पट घसरला? रंग काढा!

मुंबईत पालिकेच्या मराठी शाळेचा पट घसरला की उपाय ठरलेला: भिंतींना रंग आणि दारावर नवी पाटी. २०२०च्या सुमारास पाट्यांवर ‘मुंबई पब्लिक स्कूल’ झळकू लागलं, काही ठिकाणी सीबीएसईही आलं आणि प्रवेशाला झुंबड उडाली. पालकांना काय हवं होतं, हे इतकी वर्षं त्यांना कुणी का विचारलं नाही, असं मात्र विचारायचं नसतं.

पालिका आठ माध्यमांतून शिकवते. खाली मराठी, वर हिंदी, त्याच्या वर उर्दू, अशा इमारती गिरणगावाने पाहिल्यात. पुढे गिरण्या गेल्या, चाळींचे टॉवर झाले, चाळकरी विरार-बदलापूरला पोचले. टॉवरमधली मुलं पिवळ्या बसने भलतीकडेच जातात. उरलेल्या मराठी वर्गांत मग तिसरी-चौथी एकत्र, बाई एकच. तिसरीला पाढे लिहायला सांगून त्या चौथीच्या भागाकाराकडे वळतात, तोच वरून निरोप येतो: मतदारयादीचं काम, ताबडतोब या. भागाकार बाकीसकट फळ्यावर राहतो.

तरी सगळं लोकशाही पद्धतीने चालतं बरं का. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत. म्हणून सभा भरते कामाच्या दिवशी, भर दुपारी. चार घरची धुणीभांडी करणारी आई एका घरी खाडा करून येते, बाईंची बदली कधी थांबणार ते विचारते. “विषयपत्रिकेत नाही,” असं उत्तर मिळतं. विषयपत्रिकेत असतं प्रवेशद्वाराची कमान, तिचा रंग आणि उद्घाटनाला कोणाला बोलवायचं. तिन्ही ठराव एकमताने मंजूर.