नॉमिनी न बदलणाऱ्या समस्त तात्यांस अनावृत पत्र

मु. पो. सातारा, सांगली आणि मधल्या वाटेवरची सगळी गावं

रा. रा. तात्या, आण्णा, आबा व बापू यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, सरकार तुम्हाला बिघडवायला निघालं आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवीला एकाऐवजी चार नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. त्याच वर्षी ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला सुरुवात झाली. हे असंच चालू राहिलं, तर कोर्टाच्या आवाराबाहेर टेबल टाकून वारस दाखल्याचे अर्ज टाइप करणाऱ्या माझ्यासारख्याने खायचं काय? वारस दाखल्याच्या १८२७ च्या रेग्युलेशनवर आजवर आमची चूल पेटते आहे. ती विझवू नका.

तुमच्यावर माझा भरवसा आहे. नोकरीला लागताना प्रॉव्हिडंट फंडाच्या फॉर्मवर तुम्ही आईचं नाव घातलंत. पुढे लग्न झालं, आई गेली, नातवंडं शाळेत जाऊ लागली. फॉर्म जागचा हलला नाही. लग्न झालं की आधीचं नामनिर्देशन रद्द ठरतं आणि नवं द्यावं लागतं, हे फंडाच्या योजनेतच लिहिलेलं आहे. पण ते वाचून आपण कशाला कुणाच्या पोटावर पाय द्या?

परवा असंच एक कुटुंब कॅरीबॅग घेऊन आलं. आत पतसंस्थेच्या ठेव पावत्या, दोन विम्याच्या पॉलिसी, हळदीच्या पट्ट्या आणि साखर कारखान्याच्या शेअरचा दाखला, चौघड्या घातलेला, मधोमध तेलाचा डाग. दाखल्यावर वारस म्हणून ज्या चुलत्याचं नाव, त्याचं वर्षश्राद्धही कधीच होऊन गेलेलं. जमिनीचं भावाभावांनी समजुतीने मिटवलं होतं. अडलं होतं शेअरवरच्या सवलतीच्या साखरेपाशी. ती कुणी उचलायची यावरून दोन्ही सुना टेबलाच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसल्या. असे सोहळे तुमच्यामुळेच बघायला मिळतात.

त्यातून तुमचा तो लाडका समज, ‘थोरल्याचं नाव घातलंय, आता ते त्याचंच.’ कालनिर्णयकार जयंत साळगावकरांच्या पश्चात शेअर आणि म्युच्युअल फंडांवरून निघालेला वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नॉमिनी झाला म्हणून कुणी मालक होत नाही. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. आयुर्विम्यात २०१५ पासून आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच होतात, तेवढी गोष्ट वेगळी. पण हे सगळं तुम्ही घरात बोलू नका. मृत्युपत्राचा विषय निघालाच तर ‘भरल्या घरात अभद्र काय बोलता’ म्हणून गप्प बसवा. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साध्या कागदावर तुमची आणि दोन साक्षीदारांची सही पुरते, ही बातमी फुटली तर आमचा धंदा बसलाच.

साताऱ्याला तर या बाबतीत केवढी परंपरा! १८१९ च्या तहात ईस्ट इंडिया कंपनीने प्रतापसिंह महाराजांना राज्य दिलं ते त्यांच्या वारसांसह. वारस म्हणजे पोटचाच की दत्तकही, हे मात्र मोघमच राहिलं. १८३९ मध्ये महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडलं आणि धाकटे भाऊ आप्पासाहेब गादीवर आले. त्यांनी दत्तकाची परवानगी हयातीत मागितली होती, ती मिळाली नाही. अखेर ५ एप्रिल १८४८ रोजी, प्राण जायच्या काही तास आधी, त्यांनी मुलगा मांडीवर घेतला. रेसिडेंट फ्रियर दत्तकाच्या बाजूचा, मुंबईचा गव्हर्नर क्लार्कही त्याच मताचा. गव्हर्नर जनरल डलहौसी म्हणाला, आमची मंजुरी कुठे आहे? तिकडे काशीला प्रतापसिंहांनीही दत्तक घेतलेला. दावेदार दोन, गादी एक आणि राज्य गेलं तिसऱ्याच्याच खिशात. प्रतापसिंहांची बाजू मांडायला गेलेले रंगो बापूजी लंडनमध्ये तेरा-चौदा वर्षं अर्ज करत राहिले. आमच्या टेबलाचे आद्यपुरुष म्हणा ना.

सांगलीकरांनी गालात हसू नये. तिथले संस्थानिक धुंडिराज तात्यासाहेब १९०१ मध्ये निपुत्रिक वारले आणि दत्तक गादीवर बसायला १९०३ उजाडलं.

पण तुमची थोरवी राजांहून मोठी. त्यांना परक्याची परवानगी लागत होती, ती मागूनही मिळाली नाही. तुम्हाला कुणाच्या बापाला विचारायचं नाही, बँकेत फॉर्म फुकट मिळतो, पेन शर्टाच्या खिशाला असतं, तरी सही होत नाही. डलहौसीला कलकत्त्याहून जे करावं लागलं, ते तुम्ही घरच्या झोपाळ्यावर बसून करता.

तेव्हा चालू द्या. कळावे, लोभ असावा.

आपला कृपाभिलाषी,
कोर्टाबाहेरचा एक अर्जलेखक

ता. क. काल तुमच्यापैकी एकाची थोरली लेक टेबलाशी आली होती. बाबांना मृत्युपत्र करायचंय, नमुना आहे का म्हणाली. मी संपला म्हणून सांगितलं. शेजारच्या टेबलवाल्याने तिला लगेच स्टूल पुढे केलं. धंद्यात एकी म्हणून राहिलेली नाही.