पाणी पळवणाऱ्यांकडून ट्रेक लीडरसाहेबांस

लीडरसाहेब,

भंडारदऱ्याच्या काठावर आपण आमच्या पोरांना जो निसर्ग दाखवलात, त्याचे आभार मानायला उशीर झाला. कापूस वेचायला माणसं मिळत नव्हती, त्यामुळे सह्याद्रीचे वीर घरी पोचल्याबरोबर आयांनी त्यांना शेतात जुंपलं, आणि त्यांच्यामागे मलाही. आता सवड झाली आहे. रागही या दिवसांत चांगला मुरला आहे.

आपल्याकडे दर शनिवारी नवी बॅच असते, म्हणून ओळख देतो. आम्ही दिवाळीच्या सुट्टीतले अंतरवाली सराटीवाले, तालुका अंबड, जिल्हा जालना. गणेश मंडळाच्या शिल्लक वर्गणीतून आपली फी भरलेली पोरं, आणि ‘बरोबर कोणीतरी मोठं माणूस पाहिजे’ म्हणून घरच्यांनी धाडलेला टोपीवाला मी. ओळखपरेडीत गावाचं नाव ऐकून आपण टाळी दिलीत, “म्हणजे उपोषणवाले! मग रात्री जेवणार ना?” ते मी सोडून दिलं. मराठा आरक्षणाच्या उपोषणाने गाव गाजलं, त्या 2023 च्या सप्टेंबरपासून हा विनोद आम्ही एसटीत, बँकेत आणि सोयरिकीच्या बैठकीतही ऐकला आहे. आपण निदान टाळी तरी वाजवलीत.

पाठीवर सामान घेऊन डोंगरातल्या तलावापर्यंत पदभ्रमण, असं जाहिरातीत होतं. सामान जीपने गेलं, आणि आम्ही त्याच रस्त्याने जीपची धूळ खात मागून गेलो. युरियाच्या गोण्या वाहणाऱ्या पोरांच्या पाठीची एवढी काळजी त्यांच्या बापांनीसुद्धा कधी घेतली नव्हती. अभयारण्याच्या उंबऱ्यावर मध्यरात्र उलटेपर्यंत स्पीकर वाजला. बिबट्यांनाही करमणूक लागतेच. वीस रुपयांची पाण्याची बाटली पन्नासला विकलीत. धंदा आहे, चालायचंच.

पण पाण्याचं बोलू.

तंबू लागले होते, रतनगडाच्या अंगाला उन्हं कलली होती. आमच्यातलं एक पोरगं चपला काढून काठावर गेलं. शहागडला गोदावरीवर करतो तसं त्याने आधी ओंजळीतलं पाणी डोळ्यांना लावलं, मग बाटली बुडवली. आपल्या हातात माइक होता. “भरून घे भावा, भरून घे! नाहीतर खाली मराठवाडा पळवून नेतो!”

पुण्या-नाशिकची मंडळी खो-खो हसली. आणि साहेब, आमची पोरंही हसली. सोयऱ्याच्या पंगतीत आपल्याच घराची टिंगल निघाली की माणूस हसतो, तसं. बाटली घेऊन आलेलं पोरगं सगळ्यांत जास्त हसलं, आणि मग त्याने ती बाटली कोणाला दिसणार नाही अशी तंबूत ठेवली.

आता आम्ही चोर ठरलोच आहोत, तर चोरीची वाटही ऐकून ठेवा. पुढच्या बॅचला सांगायला बरी. प्रवरा उगम पावते रतनगडावर, म्हणजे आपण ज्याच्यासमोर सेल्फी पॉइंट केला होता त्याच डोंगरात. इंग्रजांनी 1910 साली तिला अडवायला घेतलं आणि 1926 साली धरण पुरं झालं. त्या वेळचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव भिंतीला लागलं. घाटघर-रतनवाडीकडे पाऊस मिलिमीटरमध्ये चार-चार, पाच-पाच हजारांनी मोजतात. आमच्याकडे सातशेला पोचला की लोक एकमेकांना पेढे द्यायचे तेवढे बाकी राहतात. धरणातून निघालेलं पाणी रंधा, निळवंडे, अकोले, संगमनेर करत, वाटेत कालव्यांनी दोन्ही काठच्या उसाला पाजत नेवाशाला येतं, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढे प्रवरासंगमाला ते गोदावरीत मिळतं आणि उरलंसुरलं पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडीत. तिथून डावा कालवा निघतो, तो आमच्या तालुक्यातून पुढे जातो. एवढ्या लांबून, एवढ्या गावांच्या डोळ्यांदेखत, दिवसाढवळ्या पळवतो आम्ही. आहे की नाही हिंमत?

आणि ही चोरी करायला 2005 सालचा पाण्याचा कायदा वाचावा लागतो. मेंढेगिरी समितीची टक्केवारी पाठ लागते: 15 ऑक्टोबरला जायकवाडीत पासष्ट टक्के आहे की नाही, नसेल तर कोणत्या धरणातून किती. मग मोर्चे, मग उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय. वकील लावून चोरी करणारा दुसरा कोणी आपल्या पाहण्यात असेल तर कळवा, त्याच्याकडून शिकून घेऊ.

ज्या उपोषणावरून आपण टाळी दिलीत, त्याचीच एक गोष्ट सांगतो. 2023 च्या 25 ऑक्टोबरला गावात दुसरं उपोषण सुरू झालं. वाहिन्यांच्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, डोक्यावर ड्रोन. ते चालू असतानाच, 30 ऑक्टोबरला, नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीत 8.6 टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला. त्यात प्रवरेचाही वाटा होता. दुसऱ्या दिवशी सरकारने राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात अंबड. इतके कॅमेरे गावात होते, पण एकालाही मागे वळून विहिरीत डोकावावंसं वाटलं नाही. आदेश निघूनही पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवट आला. तोवर वर कोर्टकचेऱ्या, खाली रास्ता रोको. देशाला आमच्या गावाचं नाव तोंडपाठ झालं, आणि विहिरीला तळ लागला होता हे कोणाला कळलं नाही. आपल्याला तरी कसं कळावं?

चिडायचा हक्क असलाच तर तो भंडारदऱ्याच्या काठच्या लोकांचा. त्यांच्या वाडवडिलांची जमीन त्या पाण्याखाली गेली, आणि धरण उशाला असून उन्हाळ्यात त्यांच्याच बायका हंडे घेऊन चढ चढतात. आपल्या तंबूंना पिठलं-भाकरी रांधून घालणाऱ्या मावशी त्यांतल्याच. त्यांनी मला काय विचारलं माहीत आहे? “तुमच्याकडं औंदा पाऊस कसा हाय?” बस. माइक नव्हता ना त्यांच्याकडे.

कोणी पाणी पळवत नाही हो! ते उताराने येतं. अडवता तुम्ही, मोजता तुम्ही, आणि चोर आम्ही? टँकरमागे पळालेल्या बायकांच्या पोरांना, त्या पाण्याच्या काठावर, भाड्याच्या स्पीकरवरून चोर म्हणताना जीभ कशी...

असो. ‘तुम्ही’ म्हणालो, पण तिथेच घोटाळा आहे.

पहाटे मी उठलो तेव्हा जीपच्या मागे कपाळावरची बॅटरी लावून तू बसला होतास. गुडघ्यावर चालू घडामोडींचं पुस्तक, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं. मी गाव विचारलं. तू आधी ‘पुणे’ म्हणालास, मग माझ्या टोपीकडे बघून ‘परतूर’.

परतूर! अरे बाबा, त्याच डाव्या कालव्यावर तू आमच्यापेक्षाही खाली. आम्ही पिऊन उरलं तर तुझ्या बापाच्या शिवारात यायचं. आम्ही चोर असू, तर तू चोराकडून उधार घेणारा. मग म्हणालास कशाला? “काका, ठरलेलंच असतं ते. लोक हसतात. रेटिंग चांगलं आलं की पुढची बॅच मिळते.” आणि बॅच मिळाली की खोलीचं भाडं, मेस, अभ्यासिकेची फी. वडलांकडे मागायची सोय नाही, कारण कापसाला भाव नाही. हे तू सांगितलं नाहीस. परतूरच्या पोराला ते मला सांगायची गरज नसते.

त्या पहाटे तुझ्यावर ओरडायचं मी ठरवून आलो होतो. ओरडलो नाही, चहा मागितला. तू माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीस, एवढं कंपनीला कळवू नकोस.

पण लेका, राज्यसेवेला महाराष्ट्राचा भूगोल आहे. प्रवरेचा उगम, गोदावरीच्या उपनद्या हे सगळं तू परीक्षेत बरोबर लिहिशील आणि मार्क मिळवशील. उद्या निवड झाली, पाटबंधारे खात्याशी संबंध येणाऱ्या एखाद्या खुर्चीत बसलास, आणि 15 ऑक्टोबरचा कागद तुझ्यासमोर आला, तर त्या खोलीतही काही लोक हसणारे असतील. तिथेही रेटिंग असतं म्हणतात.

परतूरला जाताना वडीगोद्रीला उतर. तिथून मला फोन कर, कोणाला तरी गाडी घेऊन पाठवतो. जेवण आमच्याकडे, उपोषण नसेल त्या दिवशी.

आपला,
बाटलीवाल्या पोराचा चुलता

ता. क. : तंबूची काठी मोडली म्हणून अनामतीतून तीनशे रुपये कापले आहेत. काठी आधीच मोडलेली होती, तिच्यावर चिकटपट्टी होती, आणि त्या चिकटपट्टीवर मागच्या बॅचची धूळ होती. पैसे मंडळाच्या खात्यावर टाकावेत.