सव्वा इंच उंच

स्पेसरवाला हा अमेरिकेत पिकअप ट्रकच्या आसपास आढळणारा गृहस्थ आहे. पोटापाण्याला तो हिशेबनीस असेल, शाळामास्तर असेल; शनिवारी सकाळी गॅरेजचे दार वर गेले की तो फिटर होतो. पिकअपला तिकडे ट्रकच म्हणतात. मागे माल वाहायचा हौदा असतो आणि त्यातून बहुतेक वेळा हवा वाहिली जाते.

ही जमात टोयोटा टकोमाच्या मालकांत विशेष फोफावली. शिडीसारख्या चासीवर बसवलेल्या या ट्रकची फरशी उंच, छत मात्र बेताचे. त्यामुळे सीट फरशीलगत. 2016 च्या मॉडेलपासून आलेल्या तिसऱ्या पिढीत चालकाची सीट उंचीला हलत नसे. विजेवर वरखाली होणारी सीट 2020 च्या मॉडेलपासून आली, तीही सगळ्या प्रतींना नाही. उंच माणूस या सीटवर ओसरीत पाय पसरून बसल्यासारखा बसतो: पाय पुढे, गुडघे वर, मांड्यांखाली पोकळी. शंभर मैलांनंतर कंबर बोलू लागते.

उपाय साधा आहे. सीटच्या रुळाचे पुढचे दोन बोल्ट काढायचे, रूळ आणि फरशी यांच्यामध्ये सव्वा इंचाची धातूची नळकांडी, म्हणजेच स्पेसर, बसवायची आणि तेवढेच जास्त लांब बोल्ट आवळायचे. सीटचे नाक वर होते, मांडीला टेकू मिळतो. ही नळकांडी बाजारात तयार मिळतात, आणि चौघांच्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा स्वस्तात मिळतात. स्पेसरवाल्याला हे पक्के ठाऊक असते. ‘दोन नळकांड्यांना एवढे पैसे?’ असे म्हणून तो छोट्या लेथची किंमत विचारायला जातो.

लेथ येण्याआधी वॉशरांची चळत लावून पाहिली जाते. ती पहिल्या खड्ड्यालाच कुरकुरते. मग आइस हॉकीची चकती. ती बरोबर एक इंच जाड आणि तीन इंच रुंद असल्यामुळे देवानेच पाठवल्यासारखी वाटते. पण रबर बोल्टखाली दबत जाते आणि आवळलेला बोल्ट सैल पडतो. शेवटी 6061 जातीच्या ॲल्युमिनियमची एक फूट कांडी येते. हातातल्या ड्रिलने पाडलेले पहिले भोक वरून मधोमध शिरते आणि खालून भलतीकडे निघते. ते नळकांडे पुढे पेपरवेट म्हणून नांदते. दोन्ही तोंडे काटकोनात हवीत आणि जोडीची उंची सारखी हवी, नाहीतर रूळ पिळले जाऊन सीट सरकताना अडते. म्हणून व्हर्नियर निघतो आणि उंची मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुळवली जाते. ज्या फोमवर तो बसणार असतो, तो त्याच्या वजनाने चांगला दोन बोटे दबतो. हा विषय त्याच्यासमोर काढू नये.

बोल्टांच्या बाबतीत मात्र त्याचा काटेकोरपणा रास्त आहे. जवळच्या दुकानात इंचाच्या आट्यांचे बोल्ट पोत्याने असतात. टोयोटाला मिलिमीटरचे लागतात. डोक्यावर 10.9 कोरलेला बोल्ट घ्यावा असे तो सांगतो आणि का तेही सांगतो, न विचारता: पहिला आकडा म्हणजे दर चौरस मिलिमीटरला हजार न्यूटनचा ताण, दुसरा म्हणजे त्याच्या नऊ दशांशांपर्यंत बोल्ट कायमचा ताणला जात नाही. सीट हा गाडीच्या सुरक्षेचा भाग आहे. अमेरिकेच्या 207 क्रमांकाच्या वाहन-सुरक्षा मानकानुसार सीटच्या जोडणीने सीटच्या वजनाच्या वीसपट ओढ सोसली पाहिजे, आणि पट्ट्याचे बकल सीटलाच जोडलेले असेल तर माणसाचा धक्काही त्याच बोल्टांवर येतो. ती चाचणी मूळ जोडणीची झालेली असते, स्पेसरची नव्हे. उंची वाढली की बोल्टवर वाकवणारा जोर वाढतो. म्हणून नळकांडे जाड आणि रुंद बुडाचेच हवे. सीटखालच्या पिवळ्या जोडण्या एअरबॅगच्या असतात. बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबल्याशिवाय तिथे हात घालू नये. हे सगळ्यात महत्त्वाचे काम स्पेसरवाला शेवटी, अंधार पडल्यावर, तोंडात टॉर्च धरून करतो.

रविवारी सीट बसते. पाठ मागे कलते म्हणून टेकण पुढे घ्यावे लागते, मग आरसा, मग स्टिअरिंग. काहींना एवढ्याने भागत नाही. ते मागचे बोल्टही उचलतात आणि तेव्हापासून टोपी काढून गाडी चालवतात. पत्नीला फेरफटका मारून आणले जाते. तिला फरक कळत नाही, कारण ती शेजारच्या सीटवर बसलेली असते.

एक फूट कांडीतून जोडीला अडीच इंच लागतात, पेपरवेटला सव्वा. उरलेली कांडी फडताळावर जाते. शेजारच्या सीटलाही पुढे दोनच बोल्ट असतात.