हाउसी नको म्हणणारीला बोल लावू नका

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकवाचे दिवस, आणि आता हळदी-कुंकू म्हटलं की हाउसी आलीच. पेणहून रोह्याकडे निघा, वडखळ ओलांडलं की महामार्गावर गडब लागतं. या पट्ट्यातल्या गावोगावी मंडप, माईक, वाण आणि तिकिटांचा गठ्ठा ठरलेला. पण प्रत्येक मंडपात चार-दोन बायका अशा असतात, की तिकीट पुढे केलं तर सरळ सांगतात, "मना नको गो." लगेच मागे कुजबुज सुरू होते. शिष्ट आहे, दहा रुपये सुटत नाहीत, हिला कशाची हौसच नाही.

माझं स्पष्ट मत आहे की या बायकांचं काही चुकत नाही. त्यांची कारणं आहेत आणि ती ऐकण्यासारखी आहेत.

पहिलं कारण, या खेळात खेळणारीला कामच नसतं. तिकिटावर 3 ओळी, 9 रकाने, 27 घरं आणि त्यांत 15 आकडे. तिकीट हातात पडलं की तुमचं नशीब ठरलं. पुढे फक्त ऐकायचं आणि खोडायचं. सागरगोट्यांना हाताची सफाई लागते, पत्त्यांना डोकं लागतं. हा फरक कायद्यालाही कळतो. आपल्या राज्यात लागू असलेल्या 1887 च्या जुगारबंदी कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली आहे आणि 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं सांगितलं. हाउसीत कौशल्याला जागाच नाही. जिला आपल्या अकलेने आणि हातांनी जिंकायला आवडतं, तिने या खेळाला कंटाळावं यात नवल काय?

दुसरं कारण, साधा हिशेब. मंडपात 100 बायका आहेत आणि प्रत्येकीकडे एक तिकीट. बक्षिसं साधारण 6: जल्दी फाइव्ह, फोर कॉर्नर, तीन ओळी आणि फुल हाउस. म्हणजे किमान 94 जणी रिकाम्या हाताने उठणार. एकीलाच दोन बक्षिसं लागली तर 95. सणाला बोलावलेल्या शंभरातल्या 94 जणींना 'तुझं काही लागलं नाही' असं सांगून घरी पाठवणं, ही कसली पाहुणचाराची रीत?

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. हाउसी बायकांना गप्प बसवते. 100 तिकिटं असतील तर फुल हाउस लागेपर्यंत 90 पैकी साधारण 65 ते 70 आकडे काढावे लागतात. एवढा वेळ कुणी बोलायचं नाही. शेजारणीने लेकीच्या बाळंतपणाचं सांगायला तोंड उघडलं की माईकवरून दटावणी, "शांत बसा, आकडा चुकेल." वर्षभर शेत, घर, कंपनीतली पाळी आणि पोरांची शाळा सांभाळून बाई दोन तास मोकळी होते ती चार शब्द बोलायला. तेच दोन तास तिने मान खाली घालून कागद खोडण्यात का घालवावेत?

नव्वद आकड्यांची हीच हाउसी ब्रिटिश फौजेत खेळायला परवानगी होती. छावणीत अडकून पडलेल्या शिपायांना वेळ घालवायला ती बरी होती. गडबच्या बाईपुढे वेळ घालवायचा प्रश्नच नाही. तिला वेळ मिळत नाही, हा तिचा प्रश्न आहे.

चौथं कारण आकड्यांच्या भाषेचं. माईकवर बहुतेकदा कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी, आणि पुकारा असा: "फोर अँड थ्री, फॉर्टी थ्री!" साठीच्या बाईला त्रेचाळीस चटकन कळतं, फॉर्टी थ्रीला थांबावं लागतं. ती थांबते तोवर पुढचा आकडा निघतो. मराठीतून पुकारा केला तर तरुण सुना एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत अडखळतात. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला! पण मंडपातली आजी दर संक्रांतीला आकड्यांपाशीच अडते, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. त्यात तिकिटावरची छपाई बारीक आणि उजेड कमी. ज्या पिढीतल्या कित्येकींना शाळेचं तोंडही पाहू दिलं नाही, त्यांना आपण चारचौघांत पुन्हा वाचायला बसवतो आणि त्याला करमणूक म्हणतो.

पाचवं कारण अपमानाचं. ऐकताना एखादा आकडा चुकतो, बाई उत्साहाने हात वर करते, तिकीट तपासलं जातं आणि माईकवरून घोषणा होते, "बोगी!" अख्खा मंडप हसतो आणि तिचं तिकीट बाद होतं. एकदा हा अनुभव घेतलेली बाई पुढच्या वर्षी "नको" म्हणते ती कंजूषपणाने नव्हे. आपली शोभा होऊ नये, एवढंच तिला वाटत असतं.

सहावं कारण पैशाचं. दहा रुपयांत कोणाचं घर बुडत नाही, हे खरं. पण कोकणातल्या ज्या घरांतले बाप आणि भाऊ मुंबईच्या गिरण्यांत होते, त्यांतल्या अनेकांनी मटका पाहिलाय. 1962 साली कल्याणजी भगतने वरळीत सुरू केलेल्या त्या आकड्याने कामगारांचे पगार खाल्ले. पगाराचं पाकीट रिकामं होऊन घरी येताना जिने पाहिलं, तिला आकड्यावर पैसा लावणं, कितीही छोटं असो, नकोसंच वाटणार. आता तर हाउसी मोबाइलवरही पोचली होती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायद्याने बंदी आणली. संसदेला जी भीती 2025 मध्ये वाटली, ती या बायकांना आधीपासून वाटत आली आहे.

हाउसीची बाजूही मांडतो. आयोजकांना ती सोपी पडते. गठ्ठा आणला, सोंगट्या आणल्या की कार्यक्रम तयार. सासू, सून आणि नातवंडं एका रांगेत बसतात, लाजरीबुजरी बाईही खेळू शकते. हा गुण मी नाकारत नाही. पण सोपेपणाच्या नादात आपण काय बाजूला सारलं, तेही पाहायला हवं.

याच पट्ट्यातल्या आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते आणि तिच्या तोंडच्या गाण्यांवर विधी पुढे सरकतो. तिला शेकडो ओळी पाठ असतात, एकही कागद न बघता. अशी बाई आपल्याच मंडपात मागच्या रांगेत तिकीट हातात धरून गप्प बसलेली असते, आणि माईक मात्र आकडे ओरडत असतो. याच थंडीत रायगडभर पोपटी लागते. कुणी वालाच्या शेंगा आणतं, कुणी भांबुर्डीचा पाला, कुणी मडकं भरतं, कुणी जाळ राखतं. प्रत्येकाच्या हाताला काम आणि प्रत्येकाच्या वाट्याला घास. टीव्हीवर 2004 साली सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर'चं अनुकरण करून गावोगावी 'खेळ पैठणीचा' निघाले. त्यांच्या झगमगाटावर टीका करता येईल, पण तिथे निदान बाईला नाव विचारतात, उखाणा घ्यायला लावतात, तिचा आवाज ऐकतात. हाउसीत ती फक्त एक तिकीट असते.

म्हणून गडब, कासू, वडखळ, पेण, रोहा इथल्या महिला मंडळांना आणि बचत गटांना माझी विनंती आहे. हाउसी बंद करू नका, तिची जागा बदला. आधी गप्पा, गाणी, उखाणे आणि फुगड्या होऊ द्या. धवले येणाऱ्या बाईला पुढे बोलवा आणि माईक तिच्या हातात द्या. हाउसी शेवटी ठेवा आणि एकच डाव खेळा. प्रत्येक आकडा मराठीत आणि इंग्रजीत, दोनदा पुकारा. तिकिटं मोठ्या अक्षरांत छापून घ्या. आकडा चुकला तर तिकीट बाद करू नका, नुसतं "अजून थांबा" म्हणा. पैसे घेऊ नका, बक्षिसं मंडळाच्या खर्चातून द्या.

आणि एवढं करूनही कुणी "मना नको गो" म्हणाली, तर तिला हौस नाही असं समजू नका. तिच्याशेजारी बसा आणि तिला बोलतं करा. हळदी-कुंकवाला तिला बोलावलं होतं ते यासाठीच.