उजवा पाय

त्या पावसाळ्यात आमच्या घरात दोन उजवे पाय बिघडले. एक आईचा, एक मोटरसायकलचा. डॉक्टर आईला म्हणाले, "गुडघ्यातलं वंगण कमी झालंय." महापे नाक्यावरचा मेकॅनिक मला म्हणाला, "साहेब, सील गेलंय, वंगण सगळं बाहेर." फरक एवढाच, की आईचं वंगण कुठे गेलं ते कोणालाच सांगता येईना. गाडीचं मात्र मडगार्डवर, डिस्कवर आणि माझ्या ऑफिसच्या पँटीवर स्वच्छ दिसत होतं. डिस्कवर तेल आलं की ब्रेक दाबल्यावर थांबायचं की नाही, हे गाडी स्वतःच्या मनाने ठरवते.

पुस्तकात या अवयवाला फ्रंट फोर्क म्हणतात. महापे ते शिळफाटा या पट्ट्यात कुणाला फोर्क मागितलात, तर तो चायनीजच्या गाडीकडे बोट दाखवेल. इथे शब्द एकच, शॉकअप. बाबांच्या चेतकला ही भानगड नव्हती. तिचं पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं असायचं आणि सकाळी ती सुरू झाली नाही तर आडवी करून पुन्हा उभी करायची, एवढं तंत्रज्ञान घराला पुरत होतं.

शॉकअप म्हणजे एकात एक सरकणारी दोन नळकांडी, आत स्प्रिंग आणि स्प्रिंगला आवरायला तेल. बीएमडब्ल्यूने 1935 साली आर-12 या गाडीला असा तेलाने आवरलेला फोर्क दिला. तेव्हापासून साध्या गाड्यांत मूळ कल्पना फारशी हललेली नाही. नुसती स्प्रिंग एका खड्ड्याला चार वेळा उत्तर देते. तेलाला आतल्या बारीक भोकांतून जावं लागतं आणि तिथे त्याचं घणसोली स्टेशनातल्या ट्रान्स-हार्बर लोकलसारखं होतं. माणसं सावकाश उतरली तर सगळी उतरतात, एकदम घुसली तर दारातच अडकतात. हे अडकणं म्हणजेच आपलं सुख. तेल गळून गेलं की डबा रिकामा आणि प्रत्येक खड्डा थेट मनगटात. शिळफाट्याच्या रस्त्यावरून डोंबिवलीला सासुरवाडीला जाऊन आलो, की मला हाताने पाण्याचा पेला धरवत नसे. बायकोला वाटे, तिच्या वडिलांशी बोलून माझं असं होतं.

मेकॅनिकने खर्च सांगितला, फार नव्हता. पण माझा इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा आहे, आणि डिप्लोमावाल्या माणसाला दुसऱ्याच्या हातातला पाना बघवत नाही. "घरीच करतो," म्हणालो. तो काहीच बोलला नाही. फक्त गाडी ठेवायला केलेली जागा त्याने पुन्हा भरून टाकली.

आधी स्वस्तातला इलाज केला. पुष्कळदा सील फाटलेलं नसतं, त्याच्या ओठात चिखलाचा कण अडकलेला असतो. वरचं धुळीचं रबर उचलायचं, पातळ प्लॅस्टिकची पट्टी हुकासारखी कापायची आणि सील व पाइप यांच्यामध्ये सरकवून गोल फिरवायची. पट्टी लवचीक हवी, पण मऊ नको. घरभर शोधलं आणि आईच्या कपाटावर एक मोठा पिवळा लिफाफा सापडला. त्यात गुडघ्याचा एक्स-रे होता. कडेला सगळं काळंच असतं, त्याचा कोणाला उपयोग, असा विचार करून मी कोपऱ्यातून बोटभर पट्टी कापली. कचरा निघाला, गळती थांबली. चार दिवस मी ऑफिसात खुर्चीवर जरा मागे रेलून बसत होतो. पाचव्या दिवशी पँट पुन्हा तेलकट झाली.

मग रविवारी खरी शस्त्रक्रिया. गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली दोन पेव्हर ब्लॉक, कॅलिपर सुतळीने टांगलेला. चाक काढलं, मडगार्ड काढलं, दोन्ही शॉकअप हँडलखालच्या ‘टी’मधून ओढून काढले आणि लहान बाळं आणावीत तसे दोन काखांत घेऊन वर गॅलरीत आणले. वर आल्यावर कळलं, की माथ्यावरचा बोल्ट शॉकअप गाडीत घट्ट धरलेला असतानाच सैल करायचा असतो. बाहेर काढल्यावर तो धरणार कशात? बाळं परत खाली नेली, ‘टी’त अडकवली, बोल्ट सैल केले, पुन्हा वर आणली. खाली वॉचमन दर वेळी उठून उभा राहत होता.

बोल्ट शेवटच्या आट्यावर आला तेव्हा आतल्या स्प्रिंगने तो माझ्या हातातून उडवला. तो तुळशीत पडला. तेल पातेल्यात ओतलं, आणि आता त्या वासाचं सांगायला हवं. शॉकअपमध्ये वर्षानुवर्षं कोंडलेलं तेल पाण्याशी आणि झिजलेल्या धातूशी संसार करून राखाडी, चंदेरी होतं आणि त्याला सुक्या मासळीचा वास येतो. आम्ही राहतो महापेच्या गावठाणात, घरमालक आगरी. खालून काकूंचा आवाज आला, "जवला कोन भाजतंय वर?" मी "तेल आहे" म्हणालो. त्यांना ते पटलं नाही. त्यांची मांजर खात्री करायला वर आली, पातेल्यापाशी एकदा वाकली, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली.

त्यानंतरचे दोन रविवार एका बोल्टने खाल्ले. शॉकअपच्या बुडाला एक एलन बोल्ट असतो, तो आतल्या डँपर रॉडला धरून ठेवतो. तो फिरवला की आतला रॉडही त्याच्याबरोबर गरागरा फिरतो, सुटत कोणीच नाही. सोसायट्यांच्या मिटिंगा अशाच चालतात. उपाय जाणत्यांनी सांगितला: लाकडी दांडा टोकाला निमुळता करून वरून आत ठोकायचा, म्हणजे रॉड अडकतो. घरात लाकडी दांडा एकच, फरशी पुसायच्या मॉपचा. तो तासला, ठोकला, आणि तो आतच राहिला. बायको दारात उभी होती. "अहो," ती इतकंच म्हणाली, पण त्या दोन अक्षरांत लग्नाची अकरा वर्षं होती.

शेवटी दांड्यासकट शॉकअप खांद्यावर टाकून एमआयडीसीत ट्रकच्या टायरवाल्याकडे गेलो. त्याने दांडा बघितला, मला बघितलं, एअर गन लावली. टर्र. एक सेकंदही लागला नसेल. दुसरा पाय. टर्र. पैसे विचारले तर म्हणाला, "याचं काय घ्यायचं? आणि हा दांडा कशाला आणला?"

जोडणी मात्र मन लावून केली. नवं सील पाइपवर चढवताना त्याचा ओठ धारेवर कापू नये म्हणून पाइपच्या तोंडावर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला. सील ठोकायला शेजारच्या गाळ्यातून पीव्हीसी पाइपचा तुकडा मिळाला. बुडाच्या बोल्टला नवा तांब्याचा वॉशर. नवं तेल लाल, सरबतासारखं. मोजायला आईच्या खोकल्याच्या औषधाचं टोपण, 10 मिलीचं. मोजता मोजता फोन वाजला आणि टोपणं किती झाली ते विसरलो. पण इथे पुस्तकाने वाचवलं. स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली दाबलेला, आणि काठापासून तेलापर्यंत पट्टी टाकून अंतर मोजायचं. दोन्ही पायांत ते सारखं आलं म्हणजे झालं. बुडबुडे निघेपर्यंत पाइप हळूहळू वरखाली केला, पुन्हा मोजलं, जरा ओतून काढलं. आई बाजूला खुर्चीवर बसून बघत होती. म्हणाली, "माझ्याही गुडघ्यात असंच टोपणभर घाल की."

पुढच्या मंगळवारी तिला त्याच गाडीवर मागे बसवून डॉक्टरांकडे नेलं. कोपरखैरण्यापर्यंत ती एकदाही "हळू" म्हणाली नाही. मी आरशात तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि खड्डे मुद्दाम चुकवत नव्हतो.

डॉक्टरांनी जुना एक्स-रे मागितला. दिव्यावर लावला. उलटा करून लावला. पुन्हा सुलटा केला.

"यावरची खूण कुठे गेली? आर की एल?"

खूण माझ्या टूलबॉक्समध्ये होती. हुकाच्या टोकाला, ग्रीस लागलेला ‘आर’.

"कुठला पाय आहे हा, आजी?"

आईने माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "ते त्याला विचारा. दोन्ही त्यानेच उघडलेत."