चि. पीएफ यास

चि. पीएफ यास अनेक आशीर्वाद.

तू चार वर्षं दहा महिन्यांचा असताना मी तुला घराबाहेर काढलं. नोकरी सोडली होती, स्लॅब गळत होता आणि ‘पैसे आपलेच, मग कर कसला?’ म्हणणारा मेहुणा हाताशी होता. पाच वर्षं भरली असती, तर तू करमुक्त सुटला असतास.

खात्यात २,४७,३०० रुपये. पन्नास हजारांच्या वर म्हणून दहा टक्के, म्हणजे २४,७३०, टीडीएसपोटी जागेवर कापले. पॅन नसता तर वीस टक्के गेले असते. मला वाटलं, सुटलो.

सीएच्या टेबलावर मात्र तुझे सुरमईसारखे चार तुकडे पडले. कंपनीने घातलेले ६६,७०० म्हणे ‘पगार’. त्यावरचं १३,४०० व्याज, तेही पगारच. माझ्या पैशावरचं २८,००० व्याज मात्र ‘इतर उत्पन्न’. दर एकच, खातं एकच, गोत्र तेवढं वेगळं! उरले माझे १,३९,२००. त्यांवर थेट कर नाही. पण ८०सीखाली दरवर्षी मिरवलेली वजावट परत करा, जुन्या वर्षांची पानं उलटून. नव्या करप्रणालीत असतो तर ती वजावट मिळालीच नसती, म्हणजे परत करायलाही काही नसतं. उपाशी राहण्याचा एवढाच फायदा.

माझा टप्पा वीस टक्क्यांचा. ढोबळ हिशेब पन्नास हजारांच्या घरात, उपकर वेगळा. कापलेले २४,७३० म्हणजे निव्वळ बयाणा!

मेहुणा म्हणाला, ‘१५जी भरायचा ना!’ त्या फॉर्मवर आपला कर शून्य असल्याची सही करायची असते. खोट्या सहीने टीडीएस थांबेल, कर नाही.

२०१६ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री जेटली यांनी, पीएफमधून काढलेल्या रकमेच्या साठ टक्क्यांवर कर सुचवला, तेव्हा एवढा गदारोळ झाला की ८ मार्चला माघार घ्यावी लागली. तुझ्यासारख्या अल्पवयीनांसाठी कोण ओरडणार?

आणि खरी जखम ही, की नव्या नोकरीत तुला ट्रान्सफर करून नेलं असतं, तर जुनं वयही धरलं गेलं असतं. आजारपणाने नोकरी सुटली असती किंवा कंपनी बंद पडली असती, तरी माफी होती. दुर्दैवाने मी ठणठणीत आणि कंपनी जोरात.

तुझा,
उतावळा बाप

ता. क. मेहुण्याच्या पीएफला परवा चार वर्षं अकरा महिने होतील. तो राजीनामा देतोय. मी गप्प आहे.